दोघींच्या गोळ्या

प्रिय ताई,

हे पत्र मी कागदावर लिहितेय आणि लिहून झालं की पानांचे फोटो काढून लगेच तुला पाठवणार आहे. फोनवर मी दोनदा सुरुवात करून पाहिली, पण आपले फोन तुला माहीत आहेत. तू बोलतेस आणि मी 'हं' म्हणते. कागदाला मधेच तोडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. तेव्हा शेवटच्या ओळीपर्यंत वाच आणि मगच फोन उचल. एवढं धाकटीसाठी कर.

आधी हे सांगते, की आई बरी आहे. आत्ता घरात नाहीये, लॉन्ड्रीत गेलीये, स्वतःच्या पायांनी. बाहीला रफू केलेला कोट पोचवायला गेलीये आणि लॉन्ड्रीवाल्या काकांशी गप्पा मारल्याशिवाय ती परत यायची नाही, म्हणून मला ही सवड मिळालीये. कारण हे पत्र मी तिच्यापासून लपून लिहितेय. तिनं मला शपथ घातलीये की यातलं अक्षरही तुला कळू द्यायचं नाही. शपथ मी पाळत होते, बरेच दिवस पाळली. आज मोडतेय. मोडावी की नाही यावर सकाळपासून स्वतःशी भांडले, मग पेन हातात घेतलं.

आई दवाखान्यात होती तेव्हा आम्ही तुला सांगितलं, की लघवीचा संसर्ग झालाय, वयात होतं असं, काळजीचं काही नाही. तू लगेच निघणार होतीस आणि आईनं अंथरुणातूनच फोन हिसकावून घेऊन तुला थांबवलं. तो संसर्ग नव्हता, ताई. काय होतं ते सांगायचं तर मला जरा मागं जावं लागेल, बाबांपर्यंत.

बाबांना आधी साधा ताप होता. मग छाती भरली आणि सगळं इतकं भराभर झालं, की तू हातात बॅग घेऊन दवाखान्याच्या त्या लांबलचक व्हरांड्यात पोचलीस तेव्हा सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिथल्या एका डॉक्टरनं, बिचाऱ्यानं काहीतरी बोलायचं म्हणून, तुला म्हटलं, की या वयात प्रतिकारशक्ती कमी पडते. त्या एका शब्दाला तू धरून ठेवलंस. तुला तेव्हा धरायला काहीतरी हवंच होतं, हे मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं. त्यानंतर प्रतिकारशक्ती आपल्या घरात एखाद्या पाहुणीसारखी राहायलाच आली. तुझा फोन आला की आधी तिची विचारपूस. आई एकदा मला म्हणालीसुद्धा, "ही कोण बया आहे गं? ताई माझ्यापेक्षा तिचीच चौकशी जास्त करते."

आणि मग तुझे खोके यायला लागले. माशाच्या तेलाच्या सोनेरी कॅप्सूल, झिंक, क जीवनसत्त्व, हाडांच्या गोळ्या, ड जीवनसत्त्वाचे थेंब, आणि ती हिरवी पूड, जिचा वास ताज्या कापलेल्या हिरवळीसारखा यायचा. आईनं शिलाई मशीनवरचं झाकण काढून ठेवलं आणि तिथं सगळ्या बाटल्या उंचीप्रमाणे मांडल्या. "ताईची पलटण," म्हणायची. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई आल्या की त्यांना पलटणीची सलामी घ्यावी लागायची. "लेक किती करते बघा," असं त्या म्हणायच्या आणि आईचा चेहरा असा काही खुलायचा, की माझा पडायचा. खरं सांगते. मी इथं तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते, रोपवाटिकेतून सुटले की रोज तिच्याकडे डोकावते, नळ गळला तर माणूस बोलावते, आणि माझ्यासाठी मशीनवर एकही बाटली नव्हती.

म्हणून मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. काळजीनं नेलं, पण त्या काळजीला थोडा हेवाही चिकटला होता. तपासणीत ड जीवनसत्त्व खरंच कमी निघालं. घरात बसून मान खाली घालून रफू करणाऱ्या बाईला ऊन मिळणार कुठून? डॉक्टरांनी जास्त ताकदीची कॅप्सूल दिली, आठवड्यातून एकदा घ्यायची, आणि सोबत कॅल्शियम. घरी येताना मी आईला बजावलं, की आता ताईचे थेंब बंद आणि हाडांच्या गोळ्याही बंद, यातच सगळं आहे. आई म्हणाली, "बरं." मग मी तुला फोनवर सांगितलं. आठवतंय तू काय म्हणालीस? की तिथला कुठला तरी गल्लीतला डॉक्टर, आणि माझे थेंब किती चांगल्या कंपनीचे आहेत, नीट वाचून घेतलेले. नंतर तू आईला वेगळा फोन केलास आणि सांगितलंस, की धाकटीनं आणलेलं घेऊ नकोस, माझंच चालू ठेव. आई तुलाही म्हणाली, "बरं."

आईचं 'बरं' म्हणजे काय, हे आपण दोघींनी तरी ओळखायला हवं होतं ना गं? हीच ती बाई, जिनं संत्र्याची फोड एखादी जास्त निघाली तर ती स्वतःच्या तोंडात टाकली, पण कुणा एकीच्या हातावर ठेवली नाही. तुझी दाढ काढली म्हणून तू शाळेला गेली नाहीस, तर मलाही घरी ठेवलं, मला दुखत नव्हतं तरी. तुझ्या फ्रॉकला झालर लावली की माझ्याही फ्रॉकला, मग माझ्या फ्रॉकला ती शोभो न शोभो. बाबा चिडवायचे, की हिला न्यायाधीश करायला हवं होतं, दोन्ही पक्षांना सारखीच शिक्षा दिली असती.

हिवाळा संपता संपता ती थकायला लागली. आधी जिन्यात मधेच थांबायची, मग जिना उतरायचंच टाळायची. जेवण कमी झालं. ताट पुढं ठेवलं की म्हणायची, "तोंडाला चवच नाही." पोट साफ होत नव्हतं. आणि पाणी! तांब्या भरून ठेवावा तर तासाभरात रिकामा. मी तुला फोनवर सांगितलं, की आई फार अशक्त झालीये. तू म्हणालीस, मग थेंब वाढवते. मला वाटलं, ते आईनं कधीच बंद केलेत, म्हणून मी वाद घातला नाही. मी काय केलं? मीही रोज एक पेला जास्त दूध सुरू केलं आणि कॅल्शियमची गोळी एकाऐवजी दोन वेळा. तू तिकडून वाढवत होतीस, मी इकडून. आई दोघींचं सारखं घेत होती आणि दोघींना 'बरं' म्हणत होती. ती जितकी खचत गेली, तितक्या आपण दोघी तिला सावरायला नव्या दमानं धावलो.

मग डोकं भ्रमायला लागलं. सुई हातात घेऊन बसायची आणि कापडाकडे नुसती बघत राहायची. आईचं रफू तुला माहीत आहे. कापडाचाच एकेक धागा उसवून काढून ती असं विणायची, की भोक कुठं होतं ते मालकालाही दाखवता येऊ नये. एक दिवस लॉन्ड्रीवाले काका स्वतः जिना चढून आले. निरोप पाठवला नाही, फोन केला नाही. पिशवीतून गडद निळा कोट काढून त्यांनी माझ्या हातात दिला. कोपरापाशी काळ्या धाग्याचं रफू होतं, जाड, ओबडधोबड, एखाद्या जखमेच्या टाक्यांसारखं. काका म्हणाले, "तुमच्या आईला काही बोलू नका. गिऱ्हाइकाला मी सांगितलंय, अजून झालं नाही." आत आई बसली होती. मला बघून म्हणाली, "ताई, तू कधी आलीस?"

तेव्हाही मी म्हटलं, वय झालं. तूही तेच म्हणालीस. आपण दोघी फोनवर रडलो आणि दोघींनी मान्य केलं, की आता असंच होत जाणार. ताई, त्या संध्याकाळची मला अजून भीती वाटते. आपण इतक्या समजूतदार झालो होतो! दोन दिवसांनी ती न्हाणीघरात बसल्या जागी कलंडली नसती, तर आपण समजूतदारपणानं तिला घालवलंच असतं.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण मुलगी होती. केस वर गुंडाळून त्यात पेन खोचलेलं, आणि बोलणं सरळसोट. रक्ताचा रिपोर्ट बघून तिनं मला विचारलं, आई काय काय घेतात? मी सांगायला लागले तसं मला थांबवून म्हणाली, तोंडानं नको, घरी जा आणि दिसेल ती प्रत्येक बाटली पिशवीत घालून आणा. मी मशीनवरची तुझी पलटण आणली. स्वयंपाकघरातल्या फळीवरची माझी आणली. तिनं सगळी पिशवी टेबलावर पालथी केली, एकेक बाटली उचलून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि दोन ढीग केले. मोठ्या ढिगातली प्रत्येक बाटली वेगळ्या रंगाची, वेगळ्या नावाची होती आणि प्रत्येकीत ड जीवनसत्त्व नाहीतर कॅल्शियम होतं, कुठं दोन्ही. तुझ्या हिरव्या पुडीतसुद्धा.

तिनं समजावलं ते तुला तसंच सांगते, कारण ते तुला कळायला हवंय. काही जीवनसत्त्वं जास्त झाली तर बरीचशी लघवीतून निघून जातात. ड तसं जात नाही, ते अंगात साठतं. फार साठलं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. मग खूप तहान लागते, भूक मरते, पोट साफ होत नाही, अंगातलं त्राण जातं, डोकं चालेनासं होतं आणि मूत्रपिंडं थकतात. मी म्हटलं, पण हे सगळं तर म्हातारपणातही होतं. ती म्हणाली, "म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही." आणि औषध वाईट होतं का, असं विचारल्यावर म्हणाली, "अजिबात नाही. आईंना त्याची गरज होती. एका वाटेनं आलं असतं तर गुण आला असता."

मी दिवसभर रोपवाटिकेत लोकांना हेच तर सांगत असते! झाड मलूल दिसलं की लोक ओंजळीनं खत घालतात. मुळं जळतात, झाड आणखी मलूल होतं, मग ते आणखी खत घालतात आणि कुंडी घेऊन माझ्याकडे येतात, की तुमचं रोपच कमजोर होतं. मी त्यांच्यावर डाफरते. आणि माझी स्वतःची आई डोळ्यांसमोर जळत होती.

सलाईन लावलं, सगळं बंद केलं. हळूहळू रक्तातलं चढलेलं उतरत गेलं. एका सकाळी तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या ओढणीचा काठ उसवलाय." मी तिथंच हुंदके द्यायला लागले. मग मी तिला विचारलं, की अगं, मी बंद कर म्हटलं होतं ना, ताई माझं बंद कर म्हणाली होती ना, मग दोन्ही का घेत राहिलीस? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच खुळी आहे. "एकीचं घेतलं आणि एकीचं तसंच ठेवलं, असं मी जन्मात कधी केलंय का?" तिला ते औषध वाटलंच नव्हतं, ताई. तिच्या लेखी त्या दोन लेकी होत्या.

आणि मग तिनं शपथ घातली. "ताईला कळता कामा नये. बाबांच्या वेळी पोचले नाही, याचंच ओझं ती अजून वागवतेय. त्यात हे नको." मी म्हटलं, यात माझ्याही गोळ्या होत्या. म्हणाली, "तू इथं आहेस. तुला रडताना मी बघू शकते. ती तिकडं एकटी रडेल."

आता तिचं कसं चाललंय तेही सांगते. मूत्रपिंडं अजून पूर्ण जागेवर आलेली नाहीत, तपासण्या चालू आहेत, आणि किती सुधारतील ते डॉक्टरही छातीठोक सांगत नाही. फ्लूची लस दिलीये. सध्या एकही जादा गोळी नाही. पुढं लागलं तर डॉक्टरच सांगेल आणि तीच मोजून देईल. एकदा मी तिला विचारलं, की मग आई नीट राहावी म्हणून मी करू तरी काय? मला वाटलं, ती एखादं नाव लिहून देईल. तिनं उलट आईलाच विचारलं, की दिवसभर काय करता? आईनं सांगितलं, रफू करते, लॉन्ड्रीत देऊन येते, येताना भाजी आणते, संध्याकाळी शिक्षिकाबाई येतात, त्यांच्याशी थोडी भांडते. डॉक्टर हसली आणि म्हणाली, की यातलं काही सोडू नका, रोज थोडं ऊन घ्या, ताटात अंडं असू द्या आणि झोप पुरी करा. यानं आयुष्य वाढेल का, असं मी विचारलं. तर म्हणाली, "तसं वचन मी कुणालाच देत नाही. पण आहे ते आयुष्य त्यांचं राहील." मला ते वाक्य आवडलं. तेव्हापासून आई खुर्ची खिडकीपाशी सरकवून उन्हात बसते आणि कोट मांडीवर घेते. त्या निळ्या कोटाचं रफू तिनं उसवून पुन्हा केलं. लॉन्ड्रीवाले काका कोपर उजेडात धरून बराच वेळ शोधत होते.

हे सगळं मी तुझ्यापासून लपवून ठेवलं असतं, ताई. तुझ्या खोक्यांतल्या बाटल्या मी माझ्या कपाटात ठेवल्या असत्या आणि तुला म्हटलं असतं, हो, घेते आई. पण परवा तू व्हिडिओ कॉल केलास. बोलता बोलता तू पाण्याची बाटली संपवलीस, उठून भरून आणलीस आणि तीही संपवलीस. घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या म्हणून हसलीस. 'कात्री' हा शब्द तुला आठवेना, तर बोटांनी कापून दाखवलंस आणि म्हणालीस, "आईवर गेलेय बघ, आत्ताच म्हातारी झाले." आणि मग सहज सांगितलंस, की फार थकवा येतोय, जेवण जात नाही, म्हणून तू स्वतःचे थेंब दुप्पट केलेत आणि ऑफिसच्या डॉक्टरनं दिलेली आठवड्याची कॅप्सूलही घेतेस. मी बोलायला गेले तर म्हणालीस, "आता तू मला शिकवणार?" आणि फोन ठेवलास. मी तुझ्या चेहऱ्यात आईचा तो चेहरा बघितला, ताई, कापडाकडे नुसता बघत राहिलेला. माझा तर्क चुकीचा असू शकतो, देव करो आणि चुकीचा असो. पण आज, हे वाचून झाल्या झाल्या, थेंब, कॅप्सूल, हाडांच्या गोळ्या, पूड, सगळं थांबव. घरातल्या सगळ्या बाटल्या एका पिशवीत घाल आणि दवाखान्यात जा. रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडं तपासा, असं सांग. उद्यावर टाकू नकोस. दुपारपर्यंत तुझा निरोप आला नाही, तर मी सरळ भावोजींना फोन करून तुझी चुगली करणार आहे, आणि त्यांनी ऐकलं नाही तर आईला सांगणार आहे. मग ती काय करेल ते तू जाणतेस. तुला माझा राग येईल. आईनं तुझ्यापासून लपवलं म्हणून येईल, मी शपथ मोडली म्हणून येईल, येऊ दे. आधी रक्त देऊन ये, मग आपण हवं तितकं भांडू. मला भांडायला दुसरी बहीण नाही.

तुझीच,
धाकटी